पदरमोड कुणाची, नाव कुणाचं?

टोकियोतल्या एखाद्या तळघरातल्या लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे बँड वाजवतात अशा छोट्या सभागृहात, शिरताना दाराशी तिकीट दाखवलं की टेबलामागे बसलेली व्यक्ती विचारते, ‘‘आज कोणत्या बँडसाठी आलात?’’ त्या संध्याकाळी पाच-सहा बँड पाळीपाळीने वाजवणार असतात. अशा सामायिक कार्यक्रमाला तिथे ‘ताइबान’ म्हणतात. आपण एक नाव सांगतो, समोरच्या कागदावर त्या नावापुढे एक रेघ ओढली जाते. मग पेयाचे पाचसहाशे येन वेगळे मोजायचे, कारण लाइव्ह हाउसची सरकारदरबारी नोंद बहुधा उपाहारगृह म्हणून असते आणि त्यामुळे पेय घ्यावंच लागतं. मग जिना उतरून आत.

त्या रेघेवर एका बँडचा महिना अवलंबून असतो. लाइव्ह हाउस प्रत्येक बँडला तिकिटांचा कोटा ठरवून देतं, त्याला ‘नोरुमा’ म्हणतात. शब्द मूळचा रशियन. दुसऱ्या महायुद्धानंतर सैबेरियाच्या छावण्यांत राबवले गेलेले जपानी युद्धकैदी तो शब्द सोबत घेऊन मायदेशी परतले. रोज किती काम उरकायचं याचं तिथलं सक्तीचं माप म्हणजे नोरुमा. आज तो शब्द गिटार खांद्याला अडकवलेल्या विशीतल्या मुलाच्या तोंडी आहे. समजा, कोटा २० तिकिटांचा आणि तिकीट २००० येनचं. बँडचं नाव सांगणारे आठच जण आले, तर उरलेल्या १२ तिकिटांचे २४ हजार येन त्या चार-पाच पोरांनी खिशातून भरायचे. वाजवलंही त्यांनीच, पैसेही त्यांनीच द्यायचे. मराठीत याला नेमका शब्द आहे, पदरमोड.

‘स्वतंत्र बँड’ म्हटलं की चटकन एक चित्र डोळ्यांपुढे येतं. मोठ्या कंपनीची गुलामी झुगारून स्वतःच्या बळावर वर आलेले कलावंत. चेहरे रंगवून, भडक वेश करून वाजवणाऱ्या बँडच्या, जपानच्या व्हिज्युअल केई परंपरेत असे बँड खरोखर झाले आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पण ‘स्वतःच्या बळावर’ हे शब्द मला खटकतात. या स्वातंत्र्याची किंमत कुणीतरी रोख मोजलेली आहे. आधी बँडच्या पोरांनी, त्यांच्या घरच्यांनी, आणि मग वर्षानुवर्षं दाराशी नाव सांगून जिना उतरणाऱ्या श्रोत्यांनी, ज्यांत बहुसंख्य तरुण मुली आहेत. बँडचा उदय सांगताना या मुलींना ‘चाहत्यांची गर्दी’ या दोन शब्दांत गुंडाळलं जातं. माझ्या मते त्या या परंपरेच्या भागीदार आहेत आणि भागीदाराला जे देणं लागतं ते त्यांना मिळालेलं नाही.

‘केई’ म्हणजे धाटणी, कूळ. रंगवलेले चेहरे, उभे केलेले रंगीत केस, झालरींचे किंवा काळ्या चामड्याचे कपडे, आणि त्यामागे मेटलपासून हळव्या बॅलडपर्यंत काहीही. दिसणं हा संगीताचाच भाग मानणारं हे कूळ आहे. त्याचं नाव एक्स या बँडच्या एका घोषवाक्यातल्या ‘व्हिज्युअल शॉक’ या शब्दांवरून पडलं आणि १९९० मध्ये निघालेल्या ‘शॉक्स’ या मासिकाने ते रुजवलं.

एक्सची सुरुवात १९८२ ची, चिबा प्रांतातल्या तातेयामा या समुद्रकाठच्या गावातली. ढोलवादक योशिकी आणि गायक तोशी हे बालमित्र. पुढे ते टोकियोत आले, सदस्य येत-जात राहिले, आणि १९८६ मध्ये योशिकीने एक्स्टसी रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते, घरचं किमोनोचं दुकान होतं, आणि मुलाच्या या उद्योगाला पैसा पुरवला तो आईने. एका विधवा व्यापारी बाईची ही गुंतवणूक रॉकच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकली जाते. मला ती फार मोठी वाटते. पुढच्या सगळ्या डोलाऱ्याच्या पायात पहिला दगड तिने ठेवला.

त्या वेळी एक्सला कुणी फारसं गांभीर्याने घेत नव्हतं. केस आणि मेकअप पाहून मेटलवाले नाक मुरडत. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात एका छोट्या खानावळीत दणादण वाजवून दाखवायचं कामही या बँडने केलं, आणि त्यावरून ‘यांनी रॉकची लाज घालवली’ असं बोलणारेही निघाले. पण ज्यांना कुणी दार उघडत नाही त्यांनी खानावळीच्या दारातून आत यायचं नाही, तर कुठून यायचं? एप्रिल १९८८ मध्ये ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ हा अल्बम एक्स्टसीनेच काढला आणि मोठ्या कंपनीचा हात नसताना तो ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या विक्रीच्या क्रमवारीच्या, मुख्य यादीत पोहोचला. मग सीबीएस-सोनी ही मोठी कंपनी आली, करार झाला, एप्रिल १९८९ मध्ये ‘ब्लू ब्लड’ निघाला. म्हणजे खानावळीतून सोनीपर्यंतचा पल्ला थोड्याच वर्षांचा.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. सोनीशी करार झाल्यावरही योशिकीने एक्स्टसी बंद केली नाही. झी:किल, लेडीज रूम, टोकियो यँकीज हे बँड तिच्या आसऱ्याला आले. लुना सीचा पहिला अल्बम १९९१ मध्ये तिथूनच निघाला. होक्काइदोतल्या हाकोदाते शहरातून आलेल्या ग्लेचं १९९४ मधलं पदार्पणही योशिकीच्याच हातून झालं, आणि याच ग्लेने १९९९ च्या उन्हाळ्यात माकुहारीला दोन लाख माणसं एका मैदानात जमवली. ओसाकात कलर या बँडच्या डायनामाइट टॉमीने १९८६ मध्येच फ्री-विल ही कंपनी काढली होती. तिच्या छत्राखाली पुढे दिर आँ ग्रे वाढला, आणि २००५ मध्ये बर्लिनमधलं सभागृह भरवून परत आला. वर गेलेल्याने खाली हात द्यायचा, धाकट्याने थोरल्याच्या तारा बदलायच्या, अँप उचलायचे, शिकायचं आणि एक दिवस स्वतःचा बँड काढायचा, अशी ही गुरुकुलासारखी रीत. तिच्यात जाच होता, जबरदस्तीच्या दारूच्या बैठका होत्या, मारहाणीचेही किस्से आहेत. तरीही स्वातंत्र्य एकट्याचं न ठेवता ते पुढच्याला देण्याची सोय या लोकांनी उभी केली, हे मान्य करावंच लागेल.

पण बँड बँडला हात देतो तेव्हा तो हात भरलेला कशाने असतो?

एक्सच्या गर्दीत मुलगे भरपूर होते. पुढे ही परंपरा पसरत गेली तसतसा श्रोतृवर्ग मुख्यतः मुलींचा झाला. त्यांना ‘बांग्यारु’ म्हणतात, म्हणजे बँडवाल्या मुली. या शब्दात हेटाळणी आहे, आणि मुलींनी तो उचलून स्वतःसाठी अभिमानाने वापरलाही आहे. त्या नुसत्या पाहायला येत नाहीत. प्रत्येक गाण्याला ठरलेल्या हातांच्या हालचाली असतात. कुठे मान झटकून हेडबँगिंग करायचं, कुठे दोन्ही हात पुढे करून बोटं फुलासारखी उमलवायची, कुठे सगळ्या रांगेने डावी-उजवीकडे धावायचं. त्या उमलवण्याला ‘साकी’ म्हणतात, बहरणं. नव्याने आलेली मुलगी शेजारणीकडे पाहत पाहत दुसऱ्या कडव्यापर्यंत शिकून घेते. पहिल्या ओळीत कुणी उभं राहायचं याचेही अलिखित नियम मुलीच सांभाळतात. २०० माणसांच्या तळघरात रंगमंचावरची पाच आणि खालची दोनशे मिळून प्रयोग होतो. खालच्यांना वगळलं तर उरतात ती रिकाम्या खोलीत घाम गाळणारी पाच रंगवलेली पोरं. मेकअपचा अर्धा अर्थ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो आणि ते डोळे या मुलींचे आहेत.

आता पैशाकडे येऊ, कारण आदर पैशाच्या हिशेबातच खरा कळतो.

जपानमध्ये सीडीची किरकोळ किंमत कंपनी ठरवते आणि दुकानाने ती पाळायची असते. पुस्तकं-वर्तमानपत्रांनाही हाच नियम आहे. नव्या सीडीवर सूट देता येत नाही, म्हणून दुकानं वेगळ्या वाटेने गिऱ्हाईक ओढतात. सोबत काहीतरी द्यायचं, ज्याला ‘तोकुतेन’ म्हणतात. या दुकानात घेतली तर गिटारवाल्याचं छायाचित्र, त्या दुकानात घेतली तर पोस्टकार्ड. व्हिज्युअल केईला वाहिलेली लाइक अ‍ॅन एडिसन, झील लिंक यांसारखी दुकानं यावरच उभी राहिली. सीडी घ्या आणि दुकानातल्याच छोट्या कार्यक्रमाला या, बँडशी दोन मिनिटं बोला, हात मिळवा, सोबत फोटो काढा. मग एकाच सिंगलच्या, म्हणजे एका मुख्य गाण्याच्या सीडीच्या, अ, ब, क अशा आवृत्त्या निघाल्या. एकीत व्हिडिओ, दुसरीत एक जादा गाणं, तिसरीत आणखी काही. गाणं तेच, पण आवडत्या बँडसाठी मुलगी तिन्ही घेणार. शिवाय ‘चेकी’, म्हणजे झटपट कॅमेऱ्याने काढलेले सदस्यांचे फोटो, बंद पाकिटात, कुणाचा निघेल ते नशिबावर. हवा तो निघेपर्यंत पाकिटं घेत राहायची.

ज्याच्यामागे कंपनीची उचल नाही, त्या बँडचा दौरा, स्टुडिओचं भाडं, व्हॅनचं पेट्रोल, हे सगळं या पाकिटांतून निघतं. सुपरमार्केटच्या काउंटरवर तासावर काम करणारी मुलगी आपल्या पगारातून ते भरते. बँडची पदरमोड थांबते त्या दिवशी तिची सुरू झालेली असते.

या ठिकाणी मला गोल्डन बॉम्बर हा बँड फार मोलाचा वाटतो. त्याच्या उदयाची गोष्ट विचित्र आहे आणि प्रामाणिक आहे. २००४ मध्ये किर्यूइन शो आणि क्यान युताका यांनी तो सुरू केला. हा ‘एअर बँड’. किर्यूइन गातो आणि बाकीचे वाद्यं वाजवण्याचा फक्त अभिनय करतात, आणि हे ते लपवत नाहीत. पुढे उताहिरोबा जुन आणि डार्विश केंजी आले. गाणी सगळी किर्यूइनची. २००९ मध्ये ‘मेमेशिकुते’ हे गाणं आलं, तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. मग इंटरनेटवरून, कराओकेच्या खोल्यांतून ते पसरत गेलं, आणि २०१२ पासून सलग चार वर्षं ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या कोहाकु उता गास्सेन या गाण्यांच्या कार्यक्रमात तेच एक गाणं सादर झालं. सगळं जपान कुटुंबासह ज्याच्यापुढे बसतं त्या कार्यक्रमात, कोणत्याही मोठ्या कंपनीशी करार नसलेला बँड! कराओकेत गाणं लागलं की मोबदला जातो गीतकार-संगीतकाराकडे. शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची असणं हे किर्यूइनचं खरं स्वातंत्र्य, आणि नव्या कलावंतांनी त्याच्याकडून काही शिकायचं असेल तर हे आधी शिकावं.

पण मी त्याचा आदर करतो तो २०१४ साठी. त्या जानेवारीत त्यांचं सिंगल ओरिकॉनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. आवृत्त्या आणि भेटींची पद्धत त्यांनाही सुटली नव्हती. ऑगस्टमध्ये पुढचं सिंगल आलं, ‘लॉरा नो किझुदाराके’. एकच आवृत्ती, वेष्टन कोरं पांढरं, सोबत काहीही नाही. हातमिळवणी नाही, फोटो नाही, पोस्टर नाही. फक्त गाणं. लोक नेमकं काय विकत घेतात हे पाहू या, असा तो उघड प्रयोग होता. विक्री आधीच्या सिंगलपेक्षा फार खाली आली.

या निकालाचा अर्थ लावताना अनेकांनी बोट दाखवलं ते मुलींकडे. पाहा, यांना संगीताचं काही नाही, यांना फोटो हवेत. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. एक प्रत घेणाऱ्या मुलीने एकच प्रत घेतली, इतकंच त्या आकड्याने सांगितलं. आधीचा आकडा फुगलेला होता, कारण एकाच माणसाकडून तेच गाणं तीन-चारदा विकत घ्यायला लावणारी व्यवस्था होती. त्या प्रयोगाने उघडं पडलं ते धंद्याचं गणित. किर्यूइनने ते स्वतःचं नुकसान करून दाखवलं. स्वतःच्या यशाचा फुगा स्वतः टाचणी लावून पाहणारे कलावंत मला फार आठवत नाहीत.

आणि त्या गाण्याचं नाव पाहा, ज्याने त्यांना कोहाकुपर्यंत नेलं. ‘मेमेशी’ म्हणजे बायकी, रडका, पुरुषाला न शोभणारा. जपानी लिपीत तो शब्द ‘स्त्री’ हे अक्षर ठेवून आणि त्याची द्विरुक्ती करून लिहितात. प्रेमभंगानंतर रडणारा पुरुष स्वतःला ही शिवी देतो आणि त्यावर हजारो माणसं उड्या मारतात. या परंपरेतल्या पुरुषांवर पहिल्या दिवसापासून हीच शिवी फेकली गेली. लिपस्टिक लावता, रडता, बायकी आहात. तिकीट काढणाऱ्या मुलींवर त्याच शिवीचा दुसरा अर्धा भाग आला. किंचाळता, वेड्या आहात, चेहऱ्यांवर भाळता. हेच प्रेम एखाद्या पुरुषाने जुन्या जॅझच्या तबकड्यांवर केलं तर त्याला रसिक म्हणतात, त्याच्या संग्रहाचं कौतुक होतं. मुलीकडे एकाच सिंगलच्या चार प्रती असल्या की ती कीव करण्याचा विषय होते. मे १९९८ मध्ये एक्सच्या हिदेचं निधन झालं तेव्हा त्सुकिजी होंगान्जी मंदिरात अंत्यदर्शनाला सुमारे ५० हजार लोक आले. टीव्हीने दाखवल्या त्या कोसळून रडणाऱ्या मुली. हिदे हा केशरचनेचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस, बँडचं दिसणं घडवणारा आणि सर्वांत कल्पक गिटारवादकांपैकी एक. त्याच्या कलेतलं नेमकं काय गेलं हे त्या मुलींना कोणत्याही समीक्षकापेक्षा कमी कळत नव्हतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. कुणी जबरदस्ती तर करत नाही ना? प्रौढ माणूस आपल्या कमाईचं काय करायचं ते ठरवतो. खरं आहे. या मुलींना भोळ्या, फसलेल्या म्हणणं हा त्यांचा दुसरा अपमान होईल, आणि तोही मी करणार नाही. बहुतेकींना पक्कं ठाऊक असतं की आपली चेकी म्हणजे बँडच्या व्हॅनचं पेट्रोल. पण देणारा राजीखुशीने देतो म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. पाकिटात कुणाचा फोटो आहे हे लपवून विकणं ही जुगाराची युक्ती आहे. महागड्या भेटवस्तू देणाऱ्या मुलीकडे सदस्याने जास्त लक्ष द्यायचं, ही काही ठिकाणची रीत उघड शोषणाची आहे. ज्या बँडला स्वतंत्र म्हणवून घ्यायचं आहे त्याने कंपनीच्या नफेखोरीचे हे मार्ग स्वतः का चालवावेत?

दुसरा आक्षेप लाइव्ह हाउसवाल्यांचा. नोरुमा नसता तर जागेचं भाडं, ध्वनी-प्रकाशाची माणसं, हे कुठून भागवायचं? हाही खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ओसाकातल्या लाइव्ह हाउसांमधून करोना पसरल्याचं समोर आलं आणि देशभर या जागा धोक्याचं ठिकाण ठरल्या. नंतर कार्यक्रम सुरू झाले तरी ओरडायला बंदी होती. मुली तोंडाला मास्क लावून, आवाज न काढता, नुसत्या हातांनी सगळं बोलत राहिल्या. व्हिज्युअल केईचं माहेर मानलं गेलेलं ताकादानोबाबाचं ‘एरिया’ २०२१ च्या अखेरीस बंद झालं. या जागा जगायला हव्यात यात शंका नाही. पण नोरुमात तोट्याचा सगळा भार सर्वांत नव्या, सर्वांत गरीब बँडवर पडतो, आणि ज्या जागेने कार्यक्रम ठरवला तिला लोक जमवण्याची गरजच उरत नाही. तिकिटाच्या उत्पन्नात वाटणी करून चालणारी लाइव्ह हाउसंही जपानात आहेत. तिथे रिकाम्या खोलीचं दुःख दोघांना सारखं होतं, म्हणून दोघंही ती भरायला धडपडतात.

कंपनीकडे गेलं की हे प्रश्न सुटतात असंही नाही. मालिस मिझेर बँडने मिदी:नेत्त या स्वतःच्या लेबलवर नाव कमावलं, मग कोलंबियाशी करार केला, ‘मेर्व्हेय्य’ हा त्यांचा १९९८ चा अल्बम गाजला. १९९९ मध्ये गायक गाक्त बाहेर पडला, त्याच वर्षी ढोलवादक कामी वारला, आणि बँड पुन्हा आपल्या लेबलकडे परतला. परतता आलं कारण ते घर त्यांनी मोडलं नव्हतं, आणि त्या घराला आधार देणाऱ्या मुली गेल्या नव्हत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लाट होती म्हणून कंपन्यांनी भराभर उचललेले आणि लाट ओसरताच सोडून दिलेले बँड पुष्कळ. त्यांतल्या ज्यांना खाली परतायला तळघर आणि पहिली रांग उरली होती, ते पुन्हा उभे राहिले.

म्हणून स्वतंत्र बँडच्या उदयाविषयी लिहिताना मला काही साध्या गोष्टी हव्या आहेत. चेकीचं पाकीट उघडं असावं, कुणाचा फोटो घेतोय ते दिसावं. गाणं एक असेल तर आवृत्ती एक असावी, आणि बँडला जास्त मदत करायची आहे त्या मुलीसाठी सरळ वेगळी पेटी ठेवावी, तिच्या पैशाला गाण्याचा बुरखा नको. पहिल्या वर्षाच्या बँडला नोरुमातून सूट असावी. आणि या परंपरेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, योशिकीच्या ड्रमकिटवर जितकी पानं खर्च होतात त्यातली काही, १९८८ च्या वसंतात ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ घ्यायला दुकानात गेलेल्यांना द्यावीत. त्यांतल्या अनेकजणी आज पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे तिकिटांचे तुकडे आहेत, फुकट वाटलेल्या कॅसेटी आहेत, कोणत्या रात्री कोणतं गाणं पहिल्यांदा वाजलं याच्या वह्या आहेत. कुणीतरी त्यांच्याकडे जाऊन बसायला हवं, त्या वह्या आहेत तोवर.